मुदत न्यूयॉर्कची, अर्ज केरीतून

"ताई, ती मुदत काल रात्री बाराला संपली. माझा फॉर्म बारा दहाला पूर्ण झाला. आता राहिलंच ना?"

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या केरीहून फोन होता, सप्टेंबरातल्या एका सकाळी पावणेनऊला. मुलगी रडायच्या बेतात होती. तिला म्हटलं, आधी लॅपटॉप उघड, सबमिट दाब, मग बोलू. पदाच्या जाहिरातीत मुदत लिहिली होती रात्री ११:५९, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार. उन्हाळी वेळेत न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथली रात्र संपते तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ९:२९ झालेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे सरकली की हेच १०:२९ होतात. जिनिव्हाची मुदत असेल तर मात्र आपली पहाट, उन्हाळ्यात ३:२९ आणि हिवाळ्यात ४:२९. तिच्या हातात अजून पाऊण तास होता. अर्ज गेला.

आंतरराष्ट्रीय विकास क्षेत्रातल्या नोकऱ्यांची माहिती देणारी एक छोटी वेबसाइट मी आणि माझी मैत्रीण फोंड्यातून चालवतो. त्याआधी सहा वर्षं मी दिल्लीत एका संस्थेच्या भरती विभागात होते. "तुम्ही जाहिराती गोळा करून टाकता, एवढंच ना?" असं लोक विचारतात. गोळा करायला मिनिटं लागतात, ते काम संगणक करतो. आमचे तास जातात ते जाहिरात वाचण्यात आणि वाचून झाल्यावर बऱ्याचशा बाजूला काढण्यात. त्या का काढाव्या लागतात हे कळलं, तर तुम्ही आमच्याशिवायही कुठलीही जाहिरात वाचू शकाल. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कुळागरातला पाट

विकास क्षेत्र म्हणजे नेमकं काय? पाणीपुरवठा, लसीकरण, शाळा, शेती, पूर-वादळानंतरची मदत, महिलांचे बचतगट अशी कामं एका देशाच्या किंवा अनेक देशांच्या पैशातून दुसऱ्या देशात होतात. ती करणारी माणसं लागतात. नर्स लागते, तसा हिशेबनीसही लागतो. गोदाम सांभाळणारा, ट्रक फिरवणारा, आकडेवारी जमवणारा, अहवाल लिहिणारा, हे सगळे लागतात.

पैसा कसा फिरतो ते सावईवेऱ्याचं किंवा केरीचं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, डोळ्यांसमोर आणलं की लगेच समजतं. वर झर असते. झरीतून पाट निघतो, पाटाला फाटे फुटतात, फाट्यातून पाणी एकेका माडाच्या, पोफळीच्या आळ्यात जातं. इथली झर म्हणजे श्रीमंत देशांची सरकारं. मोठा पाट म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, जागतिक बँक, १९६६ पासून मनिलात असलेली आशियाई विकास बँक. फाटे म्हणजे ऑक्सफॅम, सेव्ह द चिल्ड्रन, केअर, बांगलादेशची ब्रॅक अशा संस्था आणि कंत्राटावर प्रकल्प राबवणाऱ्या खासगी सल्लागार कंपन्या. शेवटचं आळं म्हणजे एखाद्या जिल्ह्यातली स्थानिक संस्था. प्रत्येक टप्प्यावर भरती होते आणि प्रत्येक टप्प्याचे नियम, पगार, करार वेगळे असतात. "यूएनची नोकरी" म्हणून जे आपल्याकडे बोललं जातं तो या पाटाचा एक तुकडा. बहुतेक कामं खालच्या फाट्यांवर आहेत आणि नवख्या माणसाला दारही तिथूनच उघडतं.

भारतातल्या आळ्यांची एक वेगळी अडचण आहे. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना एफसीआरए कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीने अशा निधीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मनुष्यबळ, हिशेब, व्यवस्थापन या विभागांतली पदं याच खर्चातून भरली जातात, त्यामुळे छोट्या संस्थांना ती काढणं अवघड झालं. इथे ऑफिसातलं पद कमी आणि गावात फिरण्याचं काम जास्त दिसतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

जाहिरात आहे, पण पद आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण रोज सकाळी आम्ही पहिला तोच विचारतो.

समजा एखाद्या देणगीदाराने पाच वर्षांच्या आरोग्य प्रकल्पासाठी निविदा काढली. चार कंपन्या बोली लावतात. बोलीत "प्रकल्पप्रमुख हे असतील, वित्तप्रमुख हे असतील" असं लिहून त्यांचे सीव्ही जोडावे लागतात आणि त्या सीव्हींनाही गुण असतात. म्हणून चारही कंपन्या आधीच जाहिरात देतात. बाहेरून पाहणाऱ्याला एका प्रकल्पाच्या चार नोकऱ्या दिसतात. प्रत्यक्षात आज एकही नाही. उद्या एका कंपनीला कंत्राट मिळेल, बाकी तिघींच्या जाहिराती हवेत जातील. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात "कंत्राट मिळण्याच्या अधीन" अशा अर्थाची एक ओळ असते. ती ओळ शोधणं हे आमचं काम. सापडली की आम्ही वरच ठळक लिहितो: पद अजून अस्तित्वात नाही.

अशा जाहिरातीला अर्ज करू नये असं मी म्हणत नाही, अनुभवी माणसाने जरूर करावा. पण कंपनी कधी कधी एका पत्रावर सही मागते, की या बोलीसाठी तुम्ही दुसऱ्या कोणाला सीव्ही देणार नाही. सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. हे पत्र किती दिवस लागू राहणार? आणि कंत्राट मिळालं तर मलाच घेणार याची हमी आहे का? ही हमी सहसा नसते.

दुसरा प्रकार रोस्टरचा. संस्था मुलाखती घेऊन पात्र लोकांची यादी करून ठेवते आणि पद निघेल तेव्हा त्या यादीतून माणूस उचलते. निवड झाल्याचं पत्र येतं, घरी पेढे वाटले जातात आणि मग वर्षभर कोणी फोन करत नाही. यादीत असणं ही चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यावर हातातली नोकरी सोडू नये.

तिसरी गोष्ट नागरिकत्वाची, आणि सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात. संयुक्त राष्ट्रांत 'पी' श्रेणीची पदं आंतरराष्ट्रीय असतात, कुठल्याही देशाचा माणूस अर्ज करू शकतो. 'एनओ' म्हणजे राष्ट्रीय अधिकारी, तिथे त्याच देशाचा नागरिक लागतो. 'जी' श्रेणीची भरती स्थानिक पातळीवर होते. नैरोबीतलं 'एनओ-बी' (राष्ट्रीय अधिकाऱ्याची एक पायरी) पद कितीही आपल्या शिक्षणाशी जुळलं, तरी डिचोलीच्या माणसाला ते बंद आहे. उलट दिल्लीतल्या 'एनओ-बी' पदाला फ्रेंच माणूस अर्ज करू शकत नाही, तिथे स्पर्धा आपल्याआपल्यांत असते. परदेशाच्या ओढीने लोक ही पदं बघतच नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेचं आग्नेय आशियासाठीचं मुख्यालय आहे, गुरुग्रामला इंटरनॅशनल सोलर अलायन्स आहे, हैदराबादजवळ पाटनचेरूला १९७२ पासून इक्रिसॅट ही शेती-संशोधन संस्था आहे. आंतरराष्ट्रीय काम रेल्वेने जाता येईल इतक्या अंतरावर आहे.

अनुभवाचा हिशेबही जाहिरातीतच असतो. पी-२ ला साधारण दोन वर्षं, पी-३ ला पाच, पी-४ ला सात, तेही पदव्युत्तर पदवी धरून. नुसती पदवी असेल तर बहुधा दोन वर्षं जास्त मागतात. वर्षं मोजताना शिकत असतानाची इंटर्नशिप पूर्ण धरली जाईलच असं नाही. चार वर्षांच्या अनुभवावर पी-३ चा अर्ज भरला तर तो पहिल्या चाळणीतच गळतो, मग कव्हर लेटर कितीही सुंदर असो.

कन्सल्टन्सीची पदं तर वेगळीच जमात. तिथे पगार नसतो, मोबदला असतो, तोही ठरलेल्या दिवसांचा. "तीन महिन्यांत २५ दिवस काम" असं लिहिलेलं असेल तर पैसे २५ दिवसांचेच मिळतात. रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. दिवसाचा दर ऐकून डोळे दिपतात, म्हणून आम्ही शेजारी एकूण दिवस लिहितो.

नऊ पानांच्या नऊ ओळी

आमची सकाळ अशी असते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी कामांचा समन्वय करणारी ओसीएचए ही संस्था १९९६ पासूनची रिलीफवेब नावाची सेवा चालवते. जगभरच्या संस्था तिथे मोफत जाहिराती देतात आणि त्या संगणकाने आपोआप उचलण्याची सोयही आहे. त्याशिवाय प्रत्येक संस्थेचं स्वतःचं करिअर पेज असतं, ते तपासतो. एकच पद पाच ठिकाणी पाच नावांनी सापडतं. ते एक करायचं आणि दुवा द्यायचा तो फक्त मूळ संस्थेच्या पानाचा. मधल्या कोणाचा नाही, आमच्या फॉर्मचाही नाही. उमेदवाराने अर्ज जिथे भरायचा तिथेच भरावा.

मग टीओआर उघडायचा. टीओआर म्हणजे कामाचा तपशील, आठ-नऊ पानांचा. पहिली तीन पानं संस्थेच्या इतिहासाची असतात, ती सोडायची. मैत्रीण मोठ्याने वाचते, मी टाइप करते: भारतीय नागरिक चालेल का. पद आहे की कंत्राटाच्या अधीन आहे. राहायचं कुठे. कुटुंब नेता येईल का. करार किती महिन्यांचा. पगार की दिवसाचा दर. भाषा कुठली, आणि ती "आवश्यक" आहे की "असल्यास उत्तम". किमान किती वर्षं. शेवटी मुदत, आपल्या घड्याळाप्रमाणे. नऊ पानांच्या नऊ ओळी होतात. दोघींना मिळून एका जाहिरातीला वीस मिनिटं लागतात.

कुटुंबाची ओळ लोकांना आधी कळत नाही. संयुक्त राष्ट्रं कामाच्या ठिकाणांना कष्टाप्रमाणे श्रेणी देतात. 'एच' म्हणजे मुख्यालयासारखी सोयीची शहरं, मग 'ए' पासून 'ई' पर्यंत खडतरपणा वाढत जातो. जिथे जोडीदाराला आणि मुलांना नेताच येत नाही अशी ठिकाणंही आहेत. दोन वर्षांच्या मुलाच्या आईला हे मुलाखतीत कळण्यापेक्षा पहिल्या मिनिटाला कळलेलं बरं.

मुदत संपलेली जाहिरात त्याच दिवशी काढणं ही आमची सगळ्यात कडक शिस्त. त्याला एक तांत्रिक कारण आहे. गुगलवर नोकरी शोधताना जी चौकट दिसते (भारतात ती २०१८ मध्ये आली), ती आमच्यासारख्या पानांच्या आत लपवून लिहिलेल्या माहितीवर चालते: पद, ठिकाण, संस्था, शेवटची तारीख. तारीख उलटूनही पान चालू दिसलं तर गुगल त्या साइटच्या नोकऱ्या दाखवणं बंद करू शकतं. पण खरं कारण गुगल नाही. मेलेल्या जाहिरातीसाठी कोणीतरी रात्र जागून कव्हर लेटर लिहिलेलं असतं. एकदा आमच्याकडून अशी जाहिरात राहिली होती आणि वाळपईच्या एका मुलाने रजा टाकून तिचा अर्ज तयार केला होता. त्याने तक्रार केली नाही, फक्त विचारलं. तेव्हापासून संध्याकाळी सहाला आम्ही यादी पुन्हा बघतो.

पैसे मागितले की थांबा

डिचोलीच्या एका तारवटी गृहस्थांना ई-मेल आला. संयुक्त राष्ट्रांत लॉजिस्टिक्स ऑफिसर, पगार डॉलरमध्ये, वर निळं बोधचिन्ह, खाली सही आणि शिक्का. व्हिसा आणि वैद्यकीय तपासणीसाठी ४२ हजार रुपये, तीन हप्त्यांत. ते आमच्याकडे आले तेव्हा पहिला हप्ता गेला होता.

ते भोळे नव्हते. वीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस, कागदपत्रं त्यांना आमच्याहून जास्त कळतात. पण गोव्यात बोटीवर किंवा आखातात जाताना एजंटला पैसे देणं इतकं अंगवळणी पडलंय की पैशाची मागणी आली तरी मनात घंटा वाजत नाही. फसवणारे नेमकं इथेच पकडतात. म्हणून फरक नीट समजून घ्यावा. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते आणि तो जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. संयुक्त राष्ट्रांचं मात्र असं आहे की अर्ज, मुलाखत, प्रक्रिया, प्रशिक्षण, कुठल्याच टप्प्यावर एक रुपयाही घेतला जात नाही आणि उमेदवाराच्या बँक खात्याची माहितीही विचारली जात नाही. हे त्यांच्या जाहिरातींतच लिहिलेलं असतं. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आम्ही कोणाची भरती करत नाही, सीव्ही मागवत नाही, साठवतही नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा हे त्याचं एक कारण. दुसरं साधं आहे: जे जवळ नाही ते चोरीला जात नाही.

मग साइट चालते कशावर? या धंद्यात तीन वाटा आहेत: संस्थेकडून जाहिरातीचे पैसे घ्यायचे, उमेदवाराकडून वर्गणी घ्यायची, किंवा पानावर इतर जाहिराती लावायच्या. उमेदवाराकडून महिना १९९ रुपये घ्यावेत का, यावर आमची आठवडाभर चर्चा झाली. नको ठरलं. वर्गणी घेतली की यादी मोठी दाखवण्याचा मोह होतो, कारण माणूस पैसे देतो ते भरपूर नोकऱ्या दिसाव्यात म्हणून. मग कंत्राटाच्या अधीन असलेल्या जाहिराती, रोस्टर, बंद पदं, सगळं तसं न सांगताच यादीत राहतं. आम्ही संस्थांकडून ठळक जागेचे पैसे घेतो आणि पैसे देणाऱ्याच्या जाहिरातीलाही त्याच नऊ ओळी लावतो. यावरून दोन संस्था सोडून गेल्या.

झर आटली तेव्हा

२०२५ च्या जानेवारीत झरीवरच बांध पडला. २० जानेवारीला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली. मार्चमध्ये १९६१ पासून चालत आलेल्या यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं आणि १ जुलैपासून त्या संस्थेचं मदतकार्य थांबलं, उरलेलं परराष्ट्र खात्याकडे गेलं. फेब्रुवारीत ब्रिटननेही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. त्याआधीच, २०२४ मध्ये, श्रीमंत देशांची एकूण अधिकृत मदत ७.१ टक्क्यांनी घटून २१२ अब्ज डॉलरवर आली होती.

पाटाचं पाणी कमी झालं की शेवटची आळी आधी सुकतात. आमच्या यादीतून त्या महिन्यांत जाहिराती मुदतीपूर्वीच गायब होऊ लागल्या. एकेका दुव्यावर जाऊन आम्ही "रद्द" लिहीत होतो. त्याच वेळी वीस-वीस वर्षं अनुभवाची माणसं बेकार होऊन बाजारात आली आणि पी-३ च्या पदाला पी-५ चे लोक अर्ज करू लागले. नव्या मुलांना मी हे लपवत नाही. फक्त या क्षेत्राच्या भरवशावर राहण्याचे हे दिवस नाहीत, हातातलं काम धरून अर्ज करत राहावं.

नव्यांसाठी त्यातल्या त्यात खुली वाट म्हणजे यूएन व्हॉलंटियर्स. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या कार्यक्रमाचं मुख्यालय जर्मनीत बॉन इथे आहे. नाव स्वयंसेवकाचं असलं तरी प्रत्यक्ष नेमणुकीवर दरमहा राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो. १८ ते २६ वयासाठी युवा गट आहे, आणि घरबसल्या ऑनलाइन करायची कामंही असतात, ती मात्र बिनमोबदल्याची. केरीच्या मुलीचा तो पहिला अर्ज नाकारला गेला. सध्या ती एका संस्थेसाठी ऑनलाइन नकाशांचं काम करते आहे.

आणि एक गोष्ट गोवेकरांसाठीच. पोर्तुगीज ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत नाही, पण मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे, साओ टोमे आणि पूर्व तिमोर इथलं सरकारी कामकाज तिच्यावाचून चालत नाही. २०१९ च्या मार्चमध्ये इडाय चक्रीवादळाने मोझांबिकचं बैरा शहर उद्ध्वस्त केलं तेव्हा मदतीला धावलेल्या संस्थांना पोर्तुगीज बोलणारी माणसं हवी होती. आशियात ती सहजी मिळतात कुठे? आपल्याकडे अजूनही मुलं शाळा-कॉलेजात पोर्तुगीज विषय घेतात, गोवा विद्यापीठात ती शिकवली जाते. मराठी घरांत मात्र "ती भाषा आता काय कामाची" असं म्हणून तो पर्याय सोडला जातो. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर पाच वर्षं काढलेल्या अभियंत्याला बऱ्यापैकी पोर्तुगीज येत असेल, तर पाणी-स्वच्छतेच्या पदांसाठी त्याच्यासारखे उमेदवार जगात फार नसतील.

आमच्या यादीत पोर्तुगीजचा वेगळा रकाना आहे. आज सकाळी त्यात सहा पदं होती. दोन कंत्राटाच्या अधीन निघाली, दोन स्थानिक नागरिकांसाठी. उरलेल्या दोन्हींना भारतातून अर्ज करता येतो. त्यातल्या एकीची मुदत जिनिव्हाच्या शुक्रवार रात्रीची आहे, म्हणजे आपल्या शनिवार पहाटे ३:२९ पर्यंत. शुक्रवारी जेवायच्या आधीच पाठवून द्या.